काका मेला की टाळ्या

आमचा प्रल्हादकाका आत्तापर्यंत तेवीस वेळा मेलाय. मी मोजलंय. सात वेळा गोळी, चार वेळा सुरा, दोनदा फाशी, एकदा साप, एकदा ट्रकखाली, एकदा सख्ख्या आईने विळीने गळा चिरला आणि बाकीचे किरकोळ. चोविसाव्यांदा तो खरोखर मेला असता. आणि तेही माझ्यामुळे.

प्रल्हाद पौराणिक, वय बेचाळीस, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. अहिल्याबाई घाटाच्या मागच्या गल्लीत आमच्या घराचा वरचा मजला त्याचा, खालचा आमचा. पणजोबांपासून सगळे पूजा सांगणारे, पोथ्या वाचणारे, मऊ आवाजाचे लोक. त्यात हा एकटाच सहा फूट दोन इंच. लहानपणी पतंगाच्या मांज्याने चेहरा कापला, तो वण डाव्या भुवईपासून थेट गालापर्यंत. आणि आवाज असा की "नंदा, चहा" एवढंच म्हटलं तरी गल्लीतलं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसतं.

बनारसमध्ये सीरियलवाल्यांची शूटिंगं वाढली, तेव्हा त्यांचा एक माणूस कॅमेऱ्याच्या पेट्या सोडवायला पार्सल ऑफिसात आला. काउंटरच्या जाळीमागे काका उभा. तो माणूस पेट्या विसरला आणि म्हणाला, "भाईसाहब, आप किसी का गला दबाएंगे?"

काकाने सुट्टी टाकून दाबला. तेव्हापासून अकरा वर्षं हेच.

दूधवाला झाला, त्याने अख्ख्या वरातीला विष पाजलं. ठेकेदार झाला, त्याने मजुराला जिवंत भिंतीत चिणलं. एका सीरियलमध्ये तो सावत्र भाऊ होता आणि हिरोची बोटं सुपारीच्या अडकित्त्याने एकेक करून तोडायचा. तो सीन लागला त्या आठवड्यात पार्सल ऑफिसात त्याच्या खिडकीसमोर रांगच लागेना, लोक शेजारच्या खिडकीवर उभे राहायचे. काका खूश. मला म्हणाला, "माले, ॲक्टिंग पोचली बघ!"

चांगला माणूस तो फक्त एकदा झाला. नावाडी. पुरात कुणाचं तरी तान्हं बाळ उराशी धरून पलीकडे नेतो. त्यासाठी आठ दिवस देवश्रीची बाहुली छातीशी बांधून जिन्यावरून वरखाली करत होता. टीव्हीवर लागलं तेव्हा अकरा सेकंद, तेही पाठमोरा, आवाज दुसऱ्याच कुणाचा. काकाने तिथे टीव्ही थांबवला आणि सगळ्यांना बोट लावून दाखवलं, "ही माझी पाठ."

देवश्री म्हणजे त्याची मुलगी. सहा वर्षांची. तिचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडतं.

काका पहिल्यांदा टीव्हीवर मेला तेव्हा देवश्री झालेली नव्हती. नंदाकाकूने रडून रडून घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याचं प्रेत डोळ्यांनी बघितलं म्हणे, आता कुंकू कसं लावू. दोन दिवस जेवली नाही. तेव्हा काकाने एक रीतच पाडली. आपण सगळ्यांनी मिळून बघायचं आणि तो मेला रे मेला की जोरजोरात टाळ्या वाजवायच्या. मग काकूने त्याच्या तोंडात साखर घालायची. अपशकुन तिथेच खलास. देवश्रीचा जन्मच या रिवाजातला. दीड वर्षाची होती तेव्हा टीव्हीवर गोळीचा आवाज आला की हातातली पोळी टाकून टाळ्या वाजवायची.

काका तिला सगळं समजावून सांगायचा. रक्त म्हणजे पाक आणि रंग. सुरा रबराचा. आणि मारामारीत खरं काम मारणाऱ्याचं नसतंच. "तो फक्त हात फिरवतो गं, वीतभर लांबून. खाणाऱ्याने मान अशी झटकायची, अंग असं फेकायचं, तेव्हा मार दिसतो." दोघं गच्चीवर प्रॅक्टिस करायची. देवश्री हवेत थप्पड मारायची आणि सहा फुटी बाप धाडकन चटईवर. मग "कट!" ओरडून ती त्याला मिठी मारायची. कारण सेटवर तसा नियमच आहे. कट झालं की मारणाऱ्याने मार खाणाऱ्याला मिठी मारायची, मनात काही राहू नये म्हणून. त्याशिवाय फाइटमास्टर पुढचा शॉट लावत नाही. देवश्रीने दोन शूटिंगांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ते.

आता तो शुक्रवारचा कार्यक्रम. खऱ्या गुन्ह्यांवर नाटक करून दाखवतात तसला. यावेळची केस गंगेपलीकडची, रामनगरची. नावं बदललेली, पण सगळ्यांना माहीत होतं. नवरा सूरतला कापडाच्या लूमवर कामाला. घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. बायकोने एक खोली भाड्याने दिली. भाडेकरू चार दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी वरवंट्याने दोघींची डोकी फोडून दागिने घेऊन पळाला. नाव खोटं, आधार खोटं, अजून सापडला नाही. तो भाडेकरू म्हणजे आमचा काका.

मी काकाच्या बऱ्याच सीरियली बघितल्यात, पण हे बघवत नव्हतं. वरवंटा उचलतो आणि खाली आणतो. पुन्हा उचलतो. कॅमेरा फक्त त्याच्या तोंडावर. तोंडावर काहीच नाही, जसं कुणी चटणी वाटतंय. मग तो हातपाय धुतो आणि शेजारचा म्हातारा विचारतो, आज घरात आवाज नाही. तेव्हा काका हसतो आणि म्हणतो, "बच्ची बहुत चिल्लाती थी चाचा. पहले उसी को चुप कराया."

या वेळी काका मेला नाही, पळून गेला. त्यामुळे टाळ्या नाहीत, साखर नाही. देवश्री हिरमुसली. काकू उठून देवाजवळ जाऊन बसली. आणि मी काय केलं? मी भारावून गेले होते यार! माझा काका, काय ॲक्टिंग! मी त्या हसण्याचा फोटो काढला टीव्हीवरून आणि स्टेटसला टाकला. वर लिहिलं, "रामनगर हत्याकांड का आरोपी फरार! दिखे तो छोड़ना मत!" आणि खाली सहा हसणारे चेहरे. हिंदीत लिहिलं कारण कॉलेजचे सगळे हिंदीवाले. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

कुणीतरी खालचे हसणारे चेहरे कापले आणि पुढे पाठवलं. पुढचं कुणी किती पाठवलं, मला माहीत नाही.

रविवारी दुपारी काका, देवश्री आणि मी रामनगरला गेलो. लस्सी प्यायला. देवश्रीला अंगणवाडीतून शाळेत टाकल्यापासून दर महिन्याचा हा तिचा हट्ट. नावेने गेलो, पलीकडे उतरलो, दुकानासमोरच्या बाकावर बसलो. देवश्रीच्या मिशा लस्सीच्या झाल्या होत्या. बाजूला एक पंक्चरचं दुकान. तिथला माणूस हातात मोबाइल घेऊन आमच्याकडे बघत होता. एकदा मोबाइलमध्ये, एकदा काकाकडे. मग उठून आला. किडकिडीत, पस्तिशीचा, बनियनवर ग्रीस.

"भाईसाहब," तो म्हणाला, "हम आपको कहीं देखे हैं."

काकाचा चेहरा फुलला. त्याला लोक ओळखतात ना, आणि ओळखलं की सगळे एकच मागतात, डायलॉग मारा. त्याने लस्सीचा मातीचा कुल्हड खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला, तोच थंड चेहरा केला आणि तोच आवाज लावला.

"बच्ची बहुत चिल्लाती थी चाचा. पहले उसी को चुप कराया."

तो माणूस म्हणजे रामजतन. सूरतहून परत आलेला नवरा. त्याने भाडेकरूचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, पाहिला तो फक्त मी टाकलेला फोटो.

तो मागे वळला, टायर काढायची लोखंडी पट्टी घेतली आणि परत येऊन मारली.

सीरियलमध्ये आवाज येतो ना, तसला काही आला नाही. घाटावर ओलं धोतर आपटतात तसा आला. काकाची मान सवयीने मागे फेकली गेली, अकरा वर्षांची सवय. डॉक्टर नंतर म्हणाले की तेवढ्यामुळे डोळा वाचला, जबड्यावर निभावलं. काका बाकावरून उलटा पडला, दोन दात लस्सीच्या सांडलेल्या सायीत. मी बघत होते. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? काय पडला काका!

आणि देवश्रीने टाळ्या वाजवल्या.

"यही है! मेरी बच्ची को मारा! यही है!" रामजतन ओरडत होता. मग सगळी गल्लीच आली. चपला, विटा, सायकलची चेन. कुणीतरी कुल्हडांची अख्खी टोपली काकाच्या डोक्यावर उलटी केली. एकाने केस धरून त्याचं तोंड नळाच्या दगडी कठड्यावर आपटलं. एकदा. दोनदा. दगड लाल झाला. काका गुडघ्यांवर उठायचा की पट्टी पाठीवर, बरगड्यांवर, परत पाठीवर. त्याने एक हात वर केला, तर त्या हातावर. बोटं उलटी वळलेली मी पाहिली. अडकित्त्याचा सीन आठवला.

"बाबा, आता मर ना! मर ना आता!" देवश्री बाकावर उभी राहून ओरडत होती, खुशीत, टाळ्या वाजवत. लोक मोबाइल काढून शूटिंग घेत होते. तिला वाटलं कॅमेरे.

काकाने तिच्याकडे पाहिलं. एक डोळा रक्ताने मिटलेला, दुसऱ्याने. आणि तो मराठीत ओरडला, तोंड फुटलेलं, अर्धे शब्द रक्तात.

"माले! तिला कळू देऊ नको! शूटिंगच आहे म्हण! वाजवू दे टाळ्या!"

"ई कौन भाषा बोलत हौ?" कुणीतरी म्हणालं. "बाहर का हौ सार! मारा!"

आणि मारणं वाढलं मग. मराठी ऐकून वाढलं. आमच्या घरातली भाषा.

मी देवश्रीला उचलून लस्सीच्या कढईमागे दुकानदाराच्या मांडीत टाकलं आणि गर्दीत घुसले. "ॲक्टर हैं! मेरे चाचा हैं! टीवी वाले हैं!" कुणी ऐकेना. एकाने मला कोपर मारलं, ओठ फाटला. मग मला माझा मोबाइल आठवला. काकाच्या वाढदिवसाला मी एक व्हिडिओ जोडला होता, त्याची सगळी मरणं एकापाठोपाठ एक, मागे बँडबाजा. मी आवाज फुल केला आणि रामजतनच्या नाकासमोर धरला. पट्टी वर गेली होती त्याची. मी म्हटलं, मारायचं तर मला मार, पण आधी हे बघ.

काका गोळी खाऊन पडला. काका फासावर लटकला. काकाला साप चावला, तोंडातून फेस. काका ट्रकखाली. काकाच्या आईने विळी उचलली. बँडबाजा वाजतोय आणि आमचा काका मरतोय, मरतोय, मरतोय.

"एक आदमी कितनी बार मरेगा?" मी किंचाळले. "गिनो ना! गिनो!"

गर्दीतली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अरे ई त ऊहे दूधवाला हौ! बरात के जहर पियउले रहल!" दुसरा म्हणाला, "हां बे, ठेकेदार! भीत में चुनवउले रहल!" हळूहळू विटा खाली पडल्या. चपला ज्याच्या त्याच्या पायात गेल्या. रामजतन तसाच उभा. पट्टीवरून रक्त त्याच्या कोपरापर्यंत ओघळलेलं. तो व्हिडिओ पूर्ण बघत होता, तेवीसच्या तेवीस. नावाडीही होता शेवटी, मी गंमत म्हणून घातला होता. पाठमोरा, उराशी बाळ.

तिथे तो खाली बसला.

जबडा तीन ठिकाणी, पाच बरगड्या, उजव्या हाताची चार बोटं. हॉस्पिटलात काकाच्या जबड्याला तार लावली, बोलणं बंद. डाव्या हाताने देवश्रीच्या पाटीवर लिहायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टेटसचं सांगितलं, ते माझंच होतं म्हणून. त्याने मान भिंतीकडे फिरवली आणि दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस जबानीला आले तेव्हा त्याने खरं ते सगळं लिहिलं. रामजतनने कशाने मारलं ते, आणि माझा स्टेटसही. पोलीस माझा फोन घेऊन गेले.

चौथ्या दिवशी देवश्रीला आणलं. आम्ही तिला सांगून ठेवलं होतं, मोठा शॉट होता, बाबा जरा पडला. ती पलंगावर चढून बसली.

"कधी लागणार टीव्हीवर?"

काकाने पाटीवर लिहिलं, लवकर.

मग काकूकडे बघून म्हणाली, "आई, पण त्या काकांनी बाबाला मिठी का नाही मारली?"

काकू चादर ओढत राहिली.

"कट झालं ना? सगळे घरी गेले ना? मग मिठी?" तिने काकाच्या तोंडातल्या तारेला बोट लावलं. "खोटं होतं ना? मी टाळ्या वाजवल्या."

शेवटचं ते वाक्य तिने इतक्या हळू म्हटलं. काकाच्या डोळ्यांत मी तसली भीती कधी पाहिली नव्हती. मार खाताना पण नव्हती. त्याने पाटी ओढली, खडू मोडला, दुसरा घेतला. लिहिलं, "तो उद्या येणार आहे." आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये काकू माझ्यावर तुटून पडली. "त्याला इथे आणलंस तर याद राख! फाशी द्यायला हवी त्याला!"

"काकू, तिला कळलं तर ती आयुष्यभर..."

"मला कळतंय गं!" ती भिंतीला टेकली. "मलाच नाही का कळत? जा. आण मेल्याला."

रामजतनला पोलिसांनी नोटीस देऊन सोडलं होतं. दुकान उघडं होतं, पण हवा भरायलाही कुणी येत नव्हतं. आत दोन फोटो, हार घातलेले. छोट्या फोटोतल्या मुलीला पुढचे दोन दात नव्हते. मी आधी माझं सांगितलं. फोटो मी टाकला होता, गंमत म्हणून.

त्याने त्या दोन फोटोंकडे पाहिलं. मग म्हणाला, "तब तो वो पट्टी तुमको मारनी चाहिए थी."

पट्टी पोलिसांकडे जमा होती, पण ठोकायचा हातोडा तिथेच पडलेला. मी हलले नाही. म्हटलं, मारा. पण उद्या एकदा हॉस्पिटलला चला. मग मिठीचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं. ती किती वर्षांची, एवढंच त्याने विचारलं.

"छह."

त्याने हातोडा उचलला आणि कोपऱ्यातल्या पेटीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावलेलं. वॉर्डच्या दारातच थबकला. काकूने त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. काका उशीवर उठून बसायला धडपडला. पार्सल ऑफिसातला सहा फूट दोन इंच माणूस, या किडकिडीत माणसाला बघून अंग चोरत होता. आणि तोंडाने हसत होता, तारेतून, देवश्रीसाठी.

"तुम्ही उशीर केला," देवश्री म्हणाली. मग आठवून हिंदीत, "आपने देर कर दी. कट तो कब का हो गया."

रामजतन तिच्याकडे बघत राहिला. तिच्याही पुढच्या दातांत एक खिडकी होती, मागच्याच आठवड्यात पडलेली.

"नहीं बिटिया," तो म्हणाला, "कट अब हुआ है."

तो पलंगाजवळ वाकला आणि काकाला मिठी मारली. कशी धरायची ते त्याला कळत नव्हतं, बरगड्यांवरूनच धरलं. तारेमागून काकाच्या घशातून असा आवाज निघाला की नर्स धावत आली. रामजतन सोडेना. त्याचे खांदे गदागदा हलत होते, आणि काकाचा प्लॅस्टरमधला हात वर आला, हवेत तसाच राहिला थोडा वेळ, मग त्याच्या पाठीवर पडला.

देवश्री खुदकन हसली.

"बाबा, बास आता! कट झालंय. किती ॲक्टिंग करतोस!"

आणि पर्समधून साखरेची पुडी काढायला तिने काकूचा पदर ओढला. काकाचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून काकूने चार दाणे त्याच्या ओठांवर ठेवले. पुडी देवश्रीने रामजतनपुढे धरली.